उरलेल्या गवताची वाट

१ फेब्रुवारी, रविवार

आज पुन्हा तेच झालं. गोल्फच्या मैदानात सोळाव्या होलवर माझा चेंडू होलपासून हातभर अंतरावर होता. एवढ्या अंतरावरून लहान मूलसुद्धा झाडूने चेंडू आत ढकलेल. मी पटर, म्हणजे चेंडू होलमध्ये ढकलायची काठी, लावला, श्वास घेतला आणि ऐन मारायच्या वेळी उजव्या हाताने मध्येच आपलं काहीतरी वेगळं काढलं. रस्त्यात सावकाराला बघून माणूस फुटपाथ बदलतो, तसा चेंडू होलला वळसा घालून पुढे गेला.

मारायच्या आधी आमच्या चौकडीतला वकील म्हणाला होता, "दिला." आमच्यात चेंडू होलच्या अगदी जवळ असला की समोरचा ‘दिला’ म्हणतो. म्हणजे तो न मारताच आत गेला असं धरायचं आणि चेंडू उचलायचा. मी इतक्या वर्षांत कुणाकडून एकही चेंडू असा घेतलेला नाही. वकील हल्ली फार उदार झालाय. पूर्वी वीतभरावरचा द्यायचा, आता काठीभर अंतरावरचाही देतो. मी चुकलो तेव्हा बेकरीवाला आणि दंतवैद्य दोघंही झाडांकडे बघत होते. झाडांत बघण्यासारखं काही नव्हतं.

मी सारी नोकरी वाहन परवान्याच्या परीक्षा घेण्यात काढली. "जाऊ द्या ना साहेब" हे वाक्य जितक्या वेळा ऐकलं, तितक्या वेळा स्वतःचं नावही ऐकलं नसेल. कुणाला जाऊ दिलं नाही. आता मला कुणी जाऊ द्यावं, हे पटत नाही.

घरी येताना गाडी फाटकाच्या खांबाला घासली. खांब जरा पुढे आलेला वाटतो.

३ फेब्रुवारी

बायकोने डॉक्टरचा विषय पुन्हा काढला. "अहो, तुमचा हात हलतो. दारात पाय अडतात. एकदा दाखवून घ्यायला काय हरकत आहे?"

मी म्हटलं, हाताला सराव नाही आणि आपले उंबरे उंच आहेत.

"लग्न होऊन आले तेव्हापासून तेवढेच आहेत," ती म्हणाली. शिवणकाम करणाऱ्या बाईशी वाद घालू नये. एक दोरा सापडला की सगळं उसवून ठेवते.

शेवटी मी करार मांडला. परसात कृत्रिम गवताची हिरवळ करून घ्यायची, पटिंगच्या सरावासाठी. ती तयार झाली की महिनाभर सराव, मग परीक्षा. पटरच्या लांबीच्या अंतरावरून दहा चेंडू. आठ आत गेले तर डॉक्टरचं नाव या घरात काढायचं नाही. कमी गेले तर ती म्हणेल त्या डॉक्टरकडे, म्हणेल त्या दिवशी, तोंडातून ब्र न काढता. साक्षीदार वकील.

मला वाटलं होतं घासाघीस होईल. पण तिने लगेच मान्य केलं. "माझी एकच अट," म्हणाली. "स्वयंपाकघराच्या दारापासून तुमच्या हिरवळीपर्यंतची वाट कशी करायची, ते मी ठरवणार."

मागून मागितलं काय, तर वाट. कपडे वाळत घालायला सोयीची हवी असणार. मी उदारपणे हो म्हटलं.

८ फेब्रुवारी, रविवार

गवतवाला माप घ्यायला आला. सोबत त्याचा मेहुणा. गवतवाला चाळिशीचा, कमी बोलणारा. मेहुणा त्याच्या वाटचंही बोलतो. दोघांनी टेप धरली आणि लिंबाच्या झाडापाशी भांडण सुरू झालं. मेहुण्याच्या मते झाड काढायला हवं, गवतवाल्याच्या मते मेहुण्याला काढायला हवं. झाड राहिलं. कपड्यांची दोरी भिंतीकडे सरकणार आहे.

मी सांगितलं, मला जमीन आरशासारखी सपाट हवी. गवतवाला म्हणाला, "साहेब, थोडा उतार लागतो. नाहीतर पाणी साचेल." मग ठरलं की सगळा उतार एकाच बाजूला, मागच्या गटाराकडे, आणि तोही नजरेला कळणार नाही इतकाच.

जाताना तो दारात घुटमळला. "साहेब, आपली भेट झालीय आधी."

"असेल," मी म्हटलं. "अर्ध्या गावाला मी भेटलोय. त्यातला अर्धा अजून माझ्यावर चिडून आहे."

मेहुणा हसला. गवतवाला हसला नाही.

११ फेब्रुवारी

लेकीचा फोन. ती लांब असते, एका मोठ्या हॉस्पिटलात. अपघातातून किंवा आजारातून उठलेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवणं हे तिचं काम. आज तिला अचानक आमचं घर बघायची हुक्की आली. "बाबा, फोन खिडकीत उभा करून ठेवा आणि स्वयंपाकघरातून बैठकीत या. मग वळून परत जा."

मी म्हटलं, घर तू पाहिलेलं आहेस, तिथेच वाढलीस.

"रंग बघायचाय भिंतीचा," ती म्हणाली.

मी दोनदा जाऊन आलो. स्वयंपाकघराच्या दारात पाय थोडे चिकटल्यासारखे झाले, फरशी ओली असावी. रंगाबद्दल ती काहीच बोलली नाही. मग आईला फोन मागितला आणि आई शिवणाच्या खोलीत जाऊन दार लावून बोलत बसली. मायलेकींची कुजबुज पहिल्यापासूनचीच आहे.

१६ फेब्रुवारी

काम सुरू झालं. माती खणून बाहेर, खाली खडी, खडीवर दगडाचा चुरा, चुऱ्यावर पाणी मारून धुम्मस. दिवसभर धप धप धप. कपबशा फळीवर किणकिणत होत्या. दुपारच्या चहाला माझी कपबशी वाजत होती तेव्हा धुम्मस बंद होतं, असं बायको म्हणाली. या नव्या कपबशा फार हलक्या आहेत.

शर्टाची बटणंही लागता लागत नाहीत. ही हल्ली काजं लहान करते. म्हटलं तर म्हणाली, "हो, करते." वाद घातला नाही याचं नवल वाटलं.

१९ फेब्रुवारी

चुऱ्याचा पृष्ठभाग पास झाला. बुडबुड्याची पट्टी मी स्वतः गुडघ्यावर बसून जागोजाग ठेवली. उतार सगळीकडे सारखा, गटाराकडे. होलभोवतीची जागा चोख. मेहुणा म्हणाला, "साहेब, तुम्ही आमच्या धंद्यात यायला हवं होतं." गवतवाला म्हणाला, "नको. आपल्याला एकही काम पुरं करू दिलं नसतं."

गुडघ्यावरून उठायला वेळ लागला. गवतवाल्याने हात पुढे केला. मी पट्टीचा आधार घेतला.

२१ फेब्रुवारी

गवत अंथरलं. खोटं आहे, पण खोटं कसं असावं याचा नमुना आहे. बुटकं, दाट, मखमलीसारखी लव असलेलं. लव सगळी एका दिशेला झुकलेली, त्यामुळे घराकडून पाहिलं की गडद दिसतं आणि भिंतीकडून फिकं. जोडाला खालून पट्टी आणि डिंक. डिंकाच्या वासाने बायकोचं डोकं दुखलं, घरभर खिडक्या उघडल्या. मला तर काहीच वास आला नाही. मेहुणा म्हणाला, "साहेबांचं नाक कमालीचं सोशिक आहे."

होलमध्ये प्लास्टिकचा कप बसवला. चेंडू पडला की टक्क असा आवाज होतो. हा आवाज ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी चेंडू हातानेच चार वेळा टाकून पाहिला. 

२३ फेब्रुवारी

आज वाटेचा उलगडा झाला आणि माझं टाळकं सरकलं.

हिरवळ कापून झाल्यावर गवताचे लांबट तुकडे उरले होते. ते टाकून द्यायचे. पण बायकोने गवतवाल्याला बाजूला घेतलं आणि त्या तुकड्यांचीच वाट करवली. स्वयंपाकघराच्या दारातून हिरवळीपर्यंत, आडवे पट्टे. एका पट्ट्याची लव इकडे, पुढच्याची तिकडे. त्यामुळे एक पट्टा गडद, एक फिका, गडद, फिका. थेट रस्त्यावरचं झेब्रा क्रॉसिंग. मला निवृत्त होऊन परसात झेब्रा क्रॉसिंग बघायचं होतं का?

"मखमल कापताना लव एकाच दिशेला ठेवायची, हे शिकाऊ मुलीलाही कळतं," मी म्हटलं. "तू जन्मभर शिवलंस आणि हे काय?"

"माहीत आहे लव कशी ठेवायची," ती म्हणाली. "मला असंच हवंय."

"निदान पट्टे तरी रुंद घे. हे पावलापावलावर आहेत."

"पावलापावलावरच हवेत."

मी गवतवाल्याकडे वळलो आणि सांगितलं, हे सगळं काढ आणि एकाच दिशेला लाव. तो माझ्याकडे बघेना. "साहेब, वाटेचं बाईंनी ठरवायचं असं बाईंनी सांगितलंय." मेहुणासुद्धा गप्प होता, म्हणजे कट मोठा असणार. करार माझाच होता, त्यामुळे मला तोंड नव्हतं. पण रागाने जेवण गेलं नाही. चुकीचं काम चुकीचं आहे हे माहीत असताना करणारी माणसं मला समजत नाहीत.

२ मार्च

सराव सुरू. सकाळी चहा झाला की परसात. हात जागेवर यायला थोडे दिवस लागतील. आज दहातले तीन गेले, त्यातला एक लिंबाच्या पानावर आपटून.

नवे बूट मात्र चांगले निघाले. स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर पडलो की त्या चट्ट्यापट्ट्याच्या वाटेवरून सरळ टप टप हिरवळीवर पोचतो, कुठे अडत नाही. घरात मात्र तेच दार आत येताना अडतं. हे बूट घरात घालायची सोय असती तर बरं झालं असतं.

पेनही बदलायला हवं. हे फारच बारीक लिहितं. मागच्या वर्षी पानावर जितकं मावायचं त्याच्या दुप्पट मावतंय. काटकसर होते म्हणा.

७ मार्च

बायकोला चालायची हौस आली आहे. बाजाराला मी गाडी काढतो म्हटलं तर म्हणते, चालून येते, तेवढाच व्यायाम. मागच्या आठवड्यात तिच्या बहिणीकडे जायचं होतं, तिथेही बसने गेली. येताना दोन्ही हातांत पिशव्या. मी म्हटलं, या वयात हा कसला व्यायाम. ती म्हणाली, "या वयातच करायचा असतो." माझ्यापेक्षा तिची तब्येत चांगली राहणार असं दिसतं.

वकिलाने उद्याचा खेळ रद्द केला. घरात पाहुणे आहेत म्हणे. दुपारी बेकरीवाल्याकडे पाव आणायला गेलो तर तो म्हणाला, "उद्या भेटतोच की आपण सगळे." मग एकदम आठवल्यासारखं करून आत गेला. हिशेब माझा मलाच कळला. उद्या ते तिघंच खेळणार आहेत.

वाईट वाटलं. इतकंच लिहितो.

१२ मार्च

दहातले चार. काल तीन. परवा चार. सुधारणा म्हणावी तर म्हणता येत नाही. परीक्षा बावीस तारखेला आहे.

बायको खिडकीतून बघते. मी वर पाहिलं की मशीन चालवायला लागते. मशीनला दोरा नसतो, हे इथूनही दिसतं.

१४ मार्च

गवतवाला आला. काम झाल्यावर तीन आठवड्यांनी गवत विंचरून त्यात बारीक वाळू भरायची असते म्हणे. मी सराव करत होतो, तर तो लगेच कामाला लागला नाही. लिंबाखाली उभा राहून बघत राहिला. मी एकामागून एक चुकत होतो. कुणी बघत असलं की हात जास्तच करतो.

"साहेब, हात दुखतो का?"

"नाही. सराव कमी आहे."

"रोज करता?"

"रोज."

त्याने वाकून होलभोवतीच्या गवतावरून हात फिरवला. मग म्हणाला, होलभोवती गवत जरा उचललं गेलंय, बसवून देतो. मेहुण्याला वाळूची गोणी आणायला गाडीवर पिटाळलं आणि मला म्हणाला, "तुम्ही आत बसा, धूळ उडते." पुरता तासभर एकटाच होलपाशी बसून होता. चांगला कारागीर आहे. माझ्या लक्षातही न आलेली चूक त्याने स्वतःहून दुरुस्त केली.

१५ मार्च, रविवार

दहातले आठ. 

पुन्हा मारले. नऊ. 

मी बायकोला हाक मारली नाही. परीक्षेआधी निकाल फोडू नये.

१९ मार्च

रोज आठ, नऊ. एकदा दहाच्या दहा. शेवटी सराव म्हणजे सराव. प्रयत्ने वाळूचे कण रगडिता असं उगाच म्हणत नाहीत. हात अजून मधूनमधून आपलं काढतो, चेंडू निघताना वाकडा निघतो असंही वाटतं, पण शेवटाला टक्क वाजतं. अंगात वीस वर्षांपूर्वीचा उत्साह आलाय. वकिलाला फोन करून सांगितलं, रविवारी चार वाजता ये आणि डोळे घेऊन ये.

२२ मार्च, रविवार

परीक्षा झाली. मी पास.

बायकोने खुर्ची आणून वाटेच्या टोकाला मांडली. वकील माझ्या शेजारी, हात मागे बांधून. मी नियम वाचून दाखवले: दिलेला चेंडू मोजायचा नाही, वारा, ऊन, पाखरू, कुठलीही सबब चालणार नाही. वकील म्हणाला, "अरे, फाशीची शिक्षासुद्धा याच्यापेक्षा प्रेमाने वाचतात."

पहिले पाच आत. सहावा काठावरून बाहेर. पुढचे चार आत. नऊ. वकिलाने मला मिठी मारली आणि बराच वेळ सोडलं नाही. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. खूप दिवसांनी इतका झाला.

बायको म्हणाली, "जिंकलात," आणि चहा टाकायला आत गेली. चहा यायला फार वेळ लागला. मी आत डोकावलो तर ओट्याकडे तोंड करून उभी होती, डोळे लाल. कांदा चिरत होते म्हणाली. चहात कांदा कधीपासून घालतात, असं वकिलाने मागून विचारलं. कुणी हसलं नाही.

करार करार असतो. डॉक्टरचा विषय संपला.

२३ मार्च

कालचा आनंद एक दिवस टिकला.

सकाळी हिरवळीवर पाखरांनी घाण केली होती. बायकोने नळी लावून गवत धुवायला घेतलं. मी पायरीवर चहा घेत बसलो होतो. पाणी गटाराकडे जायला हवं होतं. उतार मी स्वतः पट्टी लावून तपासला होता. पण होलच्या आसपास पडलेलं पाणी गटाराकडे गेलं नाही. चारी बाजूंनी सावकाश होलकडे गेलं आणि आत पडलं. कप भरून वर आला.

मी चहा खाली ठेवला, आत जाऊन चेंडू आणला. होलपासून पटरभर अंतरावर नुसता जमिनीवर ठेवला आणि बोटाने टोचला, मुद्दाम वाकडा. चेंडू गेला वाकडा, मग त्याला सुबुद्धी झाली, वळला आणि टक्क. दुसऱ्या बाजूने टोचला. टक्क. तिसऱ्या बाजूने डोळे मिटून टोचला. टक्क.

बायको नळी हातात धरून उभी होती. पाणी तिच्या पायांवर पडत होतं. "हे तू करायला सांगितलंस?" मी विचारलं. तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं की नाही. 

तिने का सांगावं? मी पास झालो तर हरणार ती होती.

गवतवाल्याला फोन केला. म्हणालो, एकटा ये.

२४ मार्च

तो सकाळीच आला. मी काही न बोलता चेंडू टोचून दाखवला. तो मान खाली घालून उभा राहिला.

"बशी केलीस तू होलभोवती."

"हो साहेब."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. त्या दिवशी तुम्हाला बघत होतो. बघवेना."

मी म्हटलं, याला वशिला म्हणतात. मी आयुष्यात वशिल्याने कुणाला पास केलेलं नाही.

"ते मला कुणी सांगायला नको," तो म्हणाला. "मला तुम्ही तीनदा नापास केलंत. चढावर थांबून पुन्हा निघताना गाडी मागे सरकायची. तिसऱ्यांदा तर वीतभरच सरकली होती. मला टेम्पोची नोकरी लागणार होती, ती गेली."

मला तो आठवला नाही. तोच कशाला, कुणीच आठवत नाही. "मग आता सूड उगवलास?"

"सूड कसला साहेब. चौथ्यांदा पास झालो तेव्हा गाडी तसूभर सरकत नव्हती. आजही माल भरून घाटात उभी करतो. तुमचं बरोबरच होतं." तो चेंडू हातात घेऊन फिरवत होता. "फक्त तेव्हा फार वाटायचं की या माणसाने एकदा तरी सोडून द्यावं. त्या दिवशी तुम्हाला चुकताना बघितलं आणि वाटलं, यांनाही कुणीतरी एकदा सोडून द्यावं."

मला राग यायला हवा होता. आला होताही, पण तो नेमका कुणावर काढायचा ते कळेना. मी म्हटलं, सरळ कर.

त्याने गवत उचकटलं, चुरा भरला, ठोकला, पट्टी लावून मला दाखवली. बुडबुडा जागेवर. गवत बसवलं. पैसे घेतले नाहीत. निघताना वाटेकडे बोट दाखवून म्हणाला, "साहेब, ती मात्र काढू नका." 

तो गेल्यावर मी दहा चेंडू मारले. तीन गेले. पुन्हा दहा मारले नाहीत. परीक्षा एकदाच असते.

नापास.

स्वयंपाकघरात गेलो. म्हणजे जात होतो. दारात पाय अडले. खरंच अडले, जमिनीने धरून ठेवल्यासारखे. उंबरा इतकुसा आहे. आज मी स्वतःला विचारलं, हा उमेदवार असता तर मी काय लिहिलं असतं? तिथूनच बायकोला म्हणालो, "मी नापास झालो. डॉक्टरची वेळ घे."

"अहो, पण वकिलांनी तर नऊ..."

"वकिलाला कायदा कळतो, उतार कळत नाही."

ती आली, माझ्या हाताला धरलं, आणि पाय सुटला. "वेळ घेतलेली आहे," ती म्हणाली. "दोन तारखेची. रविवारी तुम्ही जिंकलात तरी मी ती रद्द केली नव्हती."

करार मोडला होता तिने. मी तिचा हात सोडला नाही.

२ एप्रिल

डॉक्टर तरुण आहे, माझ्या लेकीच्या वयाची. नाव वाचायला लावलं, बोटं आपटायला लावली, एक वाक्य लिहायला लावलं. लिहिलेलं बघून म्हणाली, "अक्षर पहिल्यापासून एवढं बारीक आहे?" मी पेनला दोष देणार होतो, पण पेन तिचं होतं.

कंपवात. पार्किन्सन्स म्हणतात तो. बरा होत नाही, पण गोळ्यांनी हात पुष्कळ ताब्यात राहील, वर्षानुवर्षं राहू शकतो, असं म्हणाली. तुम्ही लवकर आला असतात तर त्रास कमी झाला असता, असं म्हणाली नाही. चांगली आहे. मी मात्र परीक्षा घेताना उमेदवाराला त्याची प्रत्येक चूक ऐकवायचो.

मग तिने मला बाहेरच्या बोळातून चालायला लावलं. दारापाशी पाय अडले. तिने खिशातून पांढरी चिकटपट्टी काढली, जमिनीवर पावलापावलावर आडवे तुकडे चिकटवले आणि म्हणाली, "आता या रेघा ओलांडत या." मी आलो. एकदाही न थांबता, टप टप, सरळ. "डोळ्यांना रेघ दिसली की पायांना आठवतं," ती म्हणाली.

मी बायकोकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

घरी आलो तो सरळ स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. गडद, फिका, गडद, फिका. पावलापावलावर. नवे बूट चांगले निघाले असं मी लिहून ठेवलंय. मागची पानं काढून वाचली. कुठल्याही उमेदवाराने दिल्या नसतील इतक्या सबबी आहेत.

बायको मागे येऊन उभी राहिली. मी म्हटलं, "मखमलीवर एवढं बोललो तेव्हा सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही त्यावरून चालला असता का?"

नसतो चाललो. तिला म्हटलं, तू आणि लेक दोघींनी मला फसवलंत. म्हणाली, "हो." आणि मग पहिल्यांदा माझ्यासमोर रडली, कांद्याचं नाव न घेता. मलाही आवरलं नाही. 

गाडीची किल्ली तिच्या शिवणाच्या डब्यात ठेवली. तिला चालायची हौस नव्हती, तेही आज कळलं. माझ्या शेजारी बसायची भीती वाटत होती तिला, आणि मी तिला व्यायामाची थट्टा ऐकवत होतो. परीक्षक असतो तर मी स्वतःचा परवाना केव्हाच काढून घेतला असता.

५ एप्रिल

रेघांची वही आणली. लेकीने सांगितलं, दोन रेघांत अक्षर बसवायचं, वरच्या रेघेला टेकेपर्यंत मोठं काढायचं. पहिलीतल्या पोरासारखं लिहितोय. पण आज बायकोला चष्म्याशिवाय वाचता आलं, म्हणजे आता ही वही लपवायला हवी.

झोपायच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंतच्या बोळात सकाळी दोनदा अडलो. विचार केला आणि गवतवाल्याला फोन लावला. म्हटलं, त्या वाटेचे काही तुकडे उरलेत का, घरात लावायचे आहेत.

"आहेत की साहेब. बोळाच्या मापाचे कापून ठेवलेत."

"माप कधी घेतलंस?"

"बाईंनी दिलं. हिरवळ केली तेव्हाच. म्हणाल्या, कापून ठेव, साहेब स्वतः मागतील तेव्हा आण."

मेहुणा मागून ओरडला, साहेबांनी मागितले का एकदाचे, गोदामात पाय ठेवायला जागा नाही.

१२ एप्रिल, रविवार

संध्याकाळी वकील आला. बेकरीवाला आणि दंतवैद्यही येणार होते, पण मीच म्हटलं पुढच्या रविवारी या, आज गर्दी नको. वकिलाला सगळं सांगितलं. त्याला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं, मी सोडून. त्या रविवारी मला न सांगता खेळले त्याबद्दल तो बोलायला लागला, मी थांबवलं. गाडी चालवून मी तिकडे येऊ नये म्हणून केलं होतं, हे त्याने न सांगताही कळलं.

मग दोघं परसात खेळलो. गोळ्यांनी हात थोडा शांत आहे, पण अजून माझा नाही. माझा चेंडू होलपासून हातभर अंतरावर थांबला. पहिल्या दिवसाच्या नोंदीत आहे तेवढाच.

वकील काही बोलला नाही. तो आता देत नाही. मी त्याला इतक्या वेळा झिडकारलंय की त्याने तोंड बंद ठेवायचं ठरवलं असावं. तो लिंबाच्या झाडाकडे बघत होता. मी पटर लावला. हाताने आपलं सुरू केलं. मी पटर उचलून घेतला.

"देतोस का रे?" मी विचारलं.

त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "दिला."

मी चेंडू उचलायला वाकलो. उठताना त्याने हात पुढे केला, तोही घेतला.